त्र्याहत्तरावी पायरी

माणसाला निरुपयोगी ठरवण्याचे दोन मार्ग आहेत: एक अपमानाचा, दुसरा आदराचा. पहिल्या मार्गाने आलेल्याशी निदान भांडता तरी येते. दुसरा मार्ग मात्र इतका सभ्य आहे, की ज्याला बाजूला सारले त्यानेच सारणाऱ्याचे आभार मानावे, अशी रीत पडून गेली आहे. त्याला खुर्ची दिली जाते, पाठीशी उशी दिली जाते, आणि तो जरा उठू लागला की चारी बाजूंनी एकच प्रश्न येतो: "तुम्ही कशाला?" या दोन शब्दांत माया आहे, काळजी आहे, संस्कार आहेत, आणि दाराला बाहेरून घातलेली कडीही आहे. अशा आदराविरुद्ध बंड कसे करावे, हे कोणत्याही शाळेत शिकवले जात नाही. शाळेतच आयुष्य घालवलेल्या एका वृद्ध गृहस्थांना ते शहात्तराव्या वर्षी स्वतःच शोधून काढावे लागले.

या गृहस्थांना सारी इमारत 'सर' म्हणत असे. चाळीस वर्षे त्यांनी शाळेत शिकवले आणि त्यांतली तीस वर्षे शाळेचे वेळापत्रक केले. वेळापत्रक करणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. अठरा वर्ग, चोवीस शिक्षक, एक प्रयोगशाळा आणि एक मैदान यांची सांगड घालायची; एका खोलीत दोन वर्ग येऊ द्यायचे नाहीत, एका शिक्षकाला दोन खोल्यांत पाठवायचे नाही, आणि एवढे करून कोणाचे समाधान होणार नाही याची मनाशी खूणगाठ बांधायची. सरांनी हे व्रत निष्ठेने पाळले होते. आता ते इमारतीच्या चौथ्या मजल्यावर राहत. त्यांचे गुडघे थकले होते आणि इमारतीची लिफ्ट दोन वर्षे दोन महिने बंद होती. तळमजल्यावर तिच्या दारावर 'लिफ्ट बंद आहे' अशी पाटी लटकत होती. एक सुटा भाग यायचा होता. तो येत होता. कुठून येत होता आणि वाटेत कोणाकडे मुक्कामाला थांबला होता, हे इमारत समितीच्या चिटणिसांनाच ठाऊक. चिटणीस पहिल्या मजल्यावर राहत असल्यामुळे त्या भागाची वाट ते अत्यंत धीराने पाहू शकत.

गेले अकरा महिने सर खाली उतरले नव्हते. त्यांची गैरसोय मात्र काडीइतकी होत नव्हती. वर्तमानपत्र वर येई, भाजी वर येई, औषधे येत, एवढेच काय, न्हावीसुद्धा आपली पेटी घेऊन वर येई. एकदा सरांनी चप्पल पायात घातली, तेव्हा सूनबाई स्वयंपाकघरातून, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्यातून आणि दुसऱ्या मजल्यावरचे विमा-एजंट खालून, असे तिघे एकाच सुरात म्हणाले होते, "सर, तुम्ही कशाला?" सरांनी चप्पल काढून ठेवली. त्या दिवसापासून ती कपाटाखाली होती.

सरांची नात चित्रपट-शिक्षणाच्या महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होती. वर्षअखेरीस प्रत्येक विद्यार्थ्याने चार मिनिटांचा एक म्युझिक व्हिडिओ करून द्यायचा होता. महाविद्यालयाचा कॅमेरा एका गटाला एकच दिवस मिळे. हिच्या वाट्याला आला तो रविवार, सकाळी नऊ ते सायंकाळी पाच. व्हिडिओ सोमवारी दुपारपर्यंत जमा झाला नाही तर वर्ष वाया. आणि वर्ष वाया गेले तर काय होणार, हे तिच्या वडिलांनी परगावच्या नोकरीवरून दूरध्वनीने स्पष्ट केले होते: मग हे कॅमेऱ्याचे खूळ पुरे, मामाच्या कचेरीत एक टेबल रिकामे आहे. त्या टेबलाचे नाव निघाले की नात जेवणावरून उठून जाई.

कॅमेरा मिळण्यासाठी अकरा पानी अर्ज होता, आणि त्यावर चित्रीकरणस्थळी राहणाऱ्या 'जबाबदार प्रौढ व्यक्ती'ची सही हवी होती. चित्रीकरण इमारतीच्या जिन्यात व्हायचे होते. सूनबाई म्हणाल्या, मी वाचल्याशिवाय सही करत नाही आणि मला वाचायला वेळ नाही. आजींनी चष्मा सापडत नसल्याचे सांगितले. तो त्यांच्या डोळ्यांवर होता. तेव्हा तो अर्ज सरांपुढे आला. नात म्हणाली, "आजोबा, नुसती इथे सही करा. बाकी काही बघायचं नाही."

ज्या माणसाने तीस वर्षे हजेरीपटातली खाडाखोडसुद्धा तारखेनिशी करायला लावली, त्याला 'नुसती सही' करायला सांगणे हा नातीचा अननुभव होता. सरांनी दीड दिवस तो अर्ज वाचला. त्यात सातवे पान दोनदा लागले होते, ते त्यांनी निदर्शनास आणून दिले. मग शाईच्या पेनाने सही केली, टीपकागद लावला आणि विचारले, "जबाबदार व्यक्तीने काय काय करायचं असतं?"

"काहीच नाही, आजोबा. तुम्ही कशाला…"

"सही माझी आहे," सर म्हणाले. "नियोजन दाखव."

नियोजन असे काही नव्हतेच. नात दिग्दर्शन करणार, तिची जाड चष्म्याची मैत्रीण गाणार आणि गिटार वाजवणार, एक उंच मुलगा कॅमेरा धरणार, आणि रविवारी सकाळी सगळे जमले की 'सुचेल तसं' पुढे जाणार, एवढीच त्यांची तयारी होती. सुचेल तसे हा शब्दप्रयोग सरांनी शांतपणे ऐकून घेतला. मग कपाटातून त्यांनी मोठा चौकटींचा कागद, फूटपट्टी आणि दोन रंगांच्या पेन्सिली काढल्या. अकरा महिन्यांत प्रथमच आजींनी त्यांना दुपारचे झोपलेले पाहिले नाही.

संध्याकाळपर्यंत वेळापत्रक तयार झाले. साडेनऊ ते साडेचार. पंचेचाळीस मिनिटांचे आठ तास, एक छोटी सुट्टी, एक मोठी सुट्टी. निळा रंग चौथ्या मजल्यासाठी, तांबडा तळमजल्यासाठी. पहिल्या तासाला गाण्याची पहिली ओळ, दुसऱ्या तासाला दुसरी, अशा शिस्तीत गाणे सुरुवातीपासून शेवटापर्यंत चित्रित व्हायचे होते. उंच मुलाने तो कागद दोन्ही हातांनी आदराने धरला आणि तितक्याच आदराने एक शंका काढली. पहिली ओळ चौथ्या मजल्यावर, दुसरी तळाशी, तिसरी पुन्हा वर. म्हणजे कॅमेरा, त्याचा स्टँड, दिवे आणि तो स्वतः यांना दिवसभरात सात वेळा जिना चढावा नाहीतर उतरावा लागेल, आणि लिफ्ट तर बंद आहे.

सर दोन मिनिटे बोटाने चौकटी मोजत राहिले. शिक्षकाला विद्यार्थ्याने चूक दाखवली की दोन मिनिटे तरी लागतातच. मग ते म्हणाले, "प्रयोगशाळा." तिघांनी एकमेकांकडे पाहिले. "प्रयोगशाळा वर्गाकडे येत नाही, वर्ग प्रयोगशाळेकडे जातात. माझ्या लक्षात यायला हवं होतं." त्यांनी कागद फाडला आणि नवा घेतला. या वेळी गाणे मजल्यांप्रमाणे वाटले गेले: वरच्या ओळी सगळ्या सकाळी, खालच्या सगळ्या दुपारी. आठव्या तासाची चौकट मात्र त्यांनी कोरी ठेवून तिच्यात 'राखीव' असे लिहिले.

"हा कशाला?" नातीने विचारले. "पंचेचाळीस मिनिटं फुकट."

"कोणीतरी गैरहजर राहतंच," सर म्हणाले. "राखीव तास नसलेलं वेळापत्रक म्हणजे नुसती इच्छा असते."

मुले हसली. पुढचे आठ दिवस कोणाचे काही चुकले की ती एकमेकांना 'राखीव, राखीव' म्हणून चिडवत असत. सर ते ऐकत आणि पेन्सिलीला टोक करत.

आता परवानगीचा प्रश्न आला. मुलांच्या मते तो प्रश्नच नव्हता. रविवारी सकाळी जिन्यात उभे राहायचे, कोणी विचारले तर 'झालंच' म्हणायचे. सरांनी हा मार्ग ऐकूनही न ऐकल्यासारखा केला आणि समितीला रीतसर अर्ज लिहायला घेतला. येथे त्यांच्या हातून तो प्रमाद घडला, जो आयुष्यभर अर्ज लिहिलेला माणूसच करू शकतो. ज्याला लपवायचे काही नसते, तो सर्व काही सांगून टाकतो. अर्ज साडेतीन पानांचा झाला. त्यात जिन्याची लांबी-रुंदी होती, उपस्थितांची संख्या होती, कॅमेऱ्याचे वजनही होते. आणि कोणाचा गैरसमज राहू नये म्हणून परिशिष्टात संपूर्ण गाणे स्वहस्ते उतरवून जोडले होते.

गाणे उतरवताना सरांचा हात पहिल्याच कडव्याशी थांबला. मैत्रिणीने लिहिले होते:

चार मजले, बहात्तर पायऱ्या,
वर एक खिडकी, खाली सारं गाव;
हाक तेवढी उतरून जाते,
हाकेला गुडघे नसतात, राव.

'राव' हा शब्द त्यांना पोरकट वाटला, पण हात त्यामुळे थांबला नव्हता. त्यांनी आजींना विचारले, "ही खिडकीतली व्यक्ती कोण?"

आजी शेंगा सोलत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "अहो, तुम्हीच."

 मग सरांनी पेन खाली ठेवले आणि नातीला हाक मारली. ती दारात येऊन उभी राहिली; सगळे कळले आहे हे तिलाही कळले. सर अडकून पडलेले नाहीत, ते स्वेच्छेने वर राहतात, असे त्यांनी तिला ठणकावून सांगितले. ती मान खाली घालून 'हो' म्हणाली. मग सर म्हणाले, "आणि पायऱ्या बहात्तर नाहीत. त्र्याहत्तर आहेत. इमारतीच्या दाराबाहेर एक आहे."

"आजोबा, ती जिन्यात धरत नाहीत. आणि त्र्याहत्तर चालीत बसत नाही."

"चालीत बसत नाही म्हणून पायरी नाहीशी होत नाही," सर म्हणाले. परंतु दुसऱ्याची कविता दुरुस्त करायचा अधिकार आपला नव्हे, हेही ते जाणत होते. परिशिष्टात त्यांनी बहात्तरच लिहिले आणि खाली बारीक अक्षरात टीप दिली: 'प्रत्यक्षात त्र्याहत्तर.'

अर्ज खाली गेला आणि दुसऱ्या दिवशी चिटणीस वर आले. दोन वर्षे दोन महिन्यांत ते चौथ्या मजल्यावर प्रथमच येत होते. दारात उभे राहून काही काळ ते केवळ श्वास घेत होते. आजींनी पाणी दिले. हे चिटणीस कोणे एके काळी सरांच्या सातवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसत. आता पन्नाशी उलटली असली तरी सरांसमोर खुर्चीत टेकून बसायची त्यांची छाती होत नसे. काठावर बसून त्यांनी आपले म्हणणे मांडले: गाण्याला त्यांचा विरोध नाही, कलेचा त्यांना आदरच आहे, परंतु बंद लिफ्टचा उल्लेख म्हणजे समितीची बदनामी. शब्द बदलावेत आणि सोळाही घरांची लेखी ना-हरकत आणावी. शेवटी ते अत्यंत मायेने म्हणाले, "सर, या वयात तुम्ही कशाला ही दगदग?"

त्या दोन शब्दांनी काम बिघडवले. चिटणीस निघून गेल्यावर सर खोलीत येरझाऱ्या घालू लागले. गुडघ्यांना ते मानवत नव्हते, पण त्यांना विचारतो कोण?

बातमी पसरताच सल्ल्यांना उधाण आले. विमा-एजंट म्हणाले, लिफ्टऐवजी प्रेमभंग घाला, प्रेमभंगावर कोणतीही समिती हरकत घेत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा शब्दांना आक्षेप नव्हता. त्यांच्या कुंड्या मात्र चित्रात डावीकडून दिसाव्यात, उजवीकडून पाने पिवळी आहेत. उंच मुलाने तर एक भलताच मार्ग सुचवला: ना-हरकतीच्या सोळा सह्या आपणच करू. सरांनी त्याच्याकडे नुसते पाहिले. 

सर खाली जाऊ शकत नव्हते, आणि सोळा घरे काही त्यांच्याकडे येणार नव्हती. परंतु शाळेत असताना ते चोवीस शिक्षकांकडे कधी गेले होते? जात असे ती सूचनावही. त्यांनी एक कोरी वही घेतली, पहिल्या पानावर सूचना लिहिली: 'येत्या रविवारी जिन्यात विद्यार्थ्यांचे चित्रीकरण होईल. गाणे सोबत जोडले आहे. ज्यांची हरकत असेल त्यांनी ती येथेच नोंदवावी.' खाली सोळा ओळी आखल्या आणि वही इमारतीच्या पहारेकऱ्याच्या हाती दिली. वही दोन दिवस फिरली. कोणी सहीपुढे 'शुभेच्छा' लिहिले, कोणी 'नळाचे काय झाले' असे विचारले, विमा-एजंटांनी आपला दूरध्वनी क्रमांक दिला. हरकत कोणीच नोंदवली नाही. शेवटची ओळ चिटणिसांची. त्यांनी वही दोनदा मागे-पुढे केली, आणि कात्रीत सापडलेला कोणताही शिक्षक जे करतो तेच केले. 'वाचले' एवढेच लिहून सही ठोकली.

वही परत आल्यावर सरांचा चेहरा उजळला. 'वाचले' लिहून सही करणारा सूचनेला बांधला जातो, हा त्यांच्या तीस वर्षांच्या राज्यातला कायदा होता. त्याविरुद्ध दाद कोणत्याच दरबारात नव्हती, कारण मुख्याध्यापकांनीही ती कधी दिली नव्हती. चिटणिसांना हे कळवण्यात आले. ते 'बरं' म्हणाले. त्या 'बरं'मध्ये काय दडले होते ते शनिवारी कळले.

शनिवारी सकाळी दोन कारागीर आले. दुपारी खालून ठोकाठोकीचा आवाज आला. चारच्या सुमारास चौथ्या मजल्यावरची ती दोन वर्षे मुकी असलेली दारे आपोआप उघडली, आतला दिवा लागला, आरसा चमकला, आणि एक गोड ध्वनिमुद्रित बाई म्हणाली, 'कृपया दरवाजा बंद करा.' आतून चिटणीस बाहेर आले, एक थेंब घाम न गाळता. जो भाग दोन वर्षे वाटेत होता तो एका गाण्याच्या धाकाने एका दिवसात पोहोचला होता.

चिटणिसांनी सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले, की सर, आता त्या गाण्याची गरजच उरली नाही. उद्याच्या फेरीचे पहिले प्रवासी तुम्हीच. पाटी तर मी काढलीसुद्धा.

नात आत जाऊन पलंगावर बसली. गाणे लिफ्ट बंद असल्याचे, पाटी त्यातली मुख्य खूण, आणि लिफ्ट चालू. नवे गाणे लिहायला वेळ नव्हता. तिच्या डोळ्यांपुढे मामाच्या कचेरीतले टेबल येऊन उभे राहिले. उंच मुलाने हळूच सुचवले, खाली लिफ्टची मुख्य कळ आहे, उद्या कोणाच्या नकळत ती पाडता येईल. सर म्हणाले, "चालू असलेल्या लिफ्टला बंद म्हणून दाखवणं हे असत्य. माझ्या सहीखाली ते होणार नाही." मग नातीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "वेळापत्रक साडेनऊला सुरू होतं."

ते साडेनऊला सुरू झाले खरे, पण चालले नाही. दोन वर्षांनी लिफ्ट मिळालेली इमारत रविवारी घरात बसत नाही. पहिल्या तासाला मैत्रीण जिन्यात बसून गाऊ लागली, तो पाठीमागची दारे उघडली आणि ठेवणीतले कपडे घातलेले विमा-एजंट विचारते झाले, "झालं का शूटिंग?" पुन्हा घेतले, तेव्हा काकू बाहेर आल्या. त्यांनी सकाळपासून नऊ फेऱ्या केल्या होत्या आणि प्रत्येक फेरीला एक कुंडी हलवली होती. तिसऱ्या तासाला एक सबंध कुटुंब आरशात केस विंचरत उतरले. प्रत्येक चित्रात कोपऱ्यातून दिव्याचा झोत येई, दारे उघडत, आणि 'हाकेला गुडघे नसतात' या ओळीवर कोणीतरी मजेत चौथ्या मजल्यावर येऊन उभे राही. मैत्रिणीचा धीर सुटला. इतक्या सुखी माणसांपुढे इतके दुःखी गाणे म्हणवत नाही, असे ती म्हणाली. मोठी सुट्टी झाली, पाचवा तास गेला, सहावा गेला. सातव्या तासाच्या शेवटी नातीने पाहिले तेव्हा कॅमेऱ्यात एकही धड तुकडा नव्हता. पावणेचार वाजले होते. सगळे सामान घेऊन मुले वर आली, आणि ती आजोबांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसली.

"संपलं, आजोबा."

सरांनी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिले. "राखीव तास आहे," ते म्हणाले.

नेमक्या त्याच वेळी चौथ्या मजल्यावर लिफ्टची दारे उघडली. चिटणीस दार हाताने अडवून आत उभे होते; सकाळपासून चौथ्यांदा बोलावणे आले होते. "सर, या ना आता. सगळे वाट बघतायत खाली. आणि त्या जिन्याच्या वाटेला आता तुम्ही कशाला…"

सर उठले. आजींना म्हणाले, "माझी चप्पल." आजींनी एक क्षण त्यांच्याकडे पाहिले, मग वाकून कपाटाखालून ती काढली आणि पदराने पुसून समोर ठेवली. काठी घेऊन सर दाराबाहेर आले. लिफ्टच्या उंबऱ्यापाशी थांबले. चिटणिसांचा चेहरा आनंदाने फुलला. समितीच्या पदाला मान देऊन सर त्यांना गेली वीस वर्षे 'तुम्ही' म्हणत आले होते. आज प्रथमच त्यांचा आवाज सातवीच्या वर्गातला झाला.

"दार धरलंयस ना नीट?"

"हो, सर."

"तसंच धर. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

"नाही सोडणार, सर."

सरांनी पाठ फिरवली आणि कठड्याला हात लावून पहिली पायरी उतरले.

नात जागच्या जागी उभी राहिली. ज्या लिफ्टचे दार चौथ्या मजल्यावर धरलेले आहे, ती तिसऱ्यावर येऊ शकत नाही, दुसऱ्यावर येऊ शकत नाही, तळाशी तर नाहीच. तेवढ्या वेळापुरती ती बंद आहे, खरोखरच बंद आहे, आणि तिला बंद ठेवले आहे खुद्द समितीने. "कॅमेरा," ती कुजबुजली. उंच मुलगा तोवर पाठमोरा उतरूही लागला होता.

गाणे चार मिनिटांचे होते आणि उतरणे कितीचे होईल ते कोणालाच ठाऊक नव्हते. मैत्रीण दोन पायऱ्या मागून गात चालली. गाणे संपले की पुन्हा सुरू करी. सर एक पाय टाकत, दुसरा त्याच्याशी आणून टेकवत, आणि काठी पुढे ठेवत. तिसऱ्या मजल्यावर काकूंनी खुर्ची आणली. सर 'नको' म्हणाले आणि कुंड्यांच्या डाव्या बाजूने गेले. काकूंनी नंतर कैक दिवस ही गोष्ट सर्वांना सांगितली. दुसऱ्या मजल्यावर विमा-एजंटांनी हात पुढे केला. सरांनी तो हातात घेतला, दाबला आणि सोडून दिला. मग तिथल्या खुर्चीवर मात्र बसले, कारण गिटारचा तुकडा चालू होता आणि तेवढी छोटी सुट्टी नियमात बसत होती. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. नातीने तोंडावर हात ठेवला. "तुम्ही कशाला" असे म्हणायला विमा-एजंटांचे ओठ हलले, पण सरांचा चेहरा पाहून त्यांनी ते शब्द गिळले आणि त्यांऐवजी गाण्याची ओळ म्हटली. मग काकूंनी म्हटली. आठव्यांदा गाणे सुरू झाले तेव्हा जिन्यात सोळा घरे उभी होती आणि कोणालाच सुरात म्हणता येत नव्हते. वरून मधूनमधून ती गोड बाई विनवी, 'कृपया दरवाजा बंद करा', आणि तिला उत्तर म्हणून चिटणिसांचा थकलेला आवाज येई, "सर, धरलंय."

पहिल्या मजल्यावर सर थांबले. ते कठड्याला रेलले. कोणी पुढे आले नाही. कसे कोण जाणे, पण सर्वांनाच समजले होते की आता पुढे यायचे नाही. नात तेवढी खालच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "पंचावन्न झाल्या, आजोबा."

"चोपन्न," सर म्हणाले, आणि पुढचा पाय टाकला.

बहात्तराव्या पायरीवर गाणे नवव्यांदा संपले. तळमजला आला. काल काढलेली पाटी पहारेकऱ्याने आपल्या खुर्चीवर बैठकीसारखी घातली होती. त्याने ती उचलून गुपचूप लिफ्टच्या दारावर लावली होती, आणि ती खोटी नव्हती. मैत्रीण थांबली. उंच मुलगा थांबणार होता, पण नातीने हाताने खूण केली, थांबू नकोस. सर थांबले नव्हते. ते फरशी ओलांडून इमारतीच्या दाराशी गेले, काठी बाहेर टेकवली, आणि उन्हात असलेली ती शेवटची, चालीत न बसणारी पायरी उतरून रस्त्यावर उभे राहिले.

एक सायकलस्वार घंटी वाजवून वळसा घालून गेला. समोरच्या दुकानदाराने आश्चर्याने हात जोडले. अकरा महिन्यांत रस्ता जरा रुंद झाला होता, की सरांना तसा वाटला. त्यांनी मागे न पाहता विचारले, "किती?"

"त्र्याहत्तर, आजोबा," नात म्हणाली. 

"वेळ?"

"चार सत्तावीस."

"तीन मिनिटं शिल्लक," सर म्हणाले. "कॅमेरा पाचच्या आत परत कर. सही माझी आहे."

मुले कॅमेरा घेऊन धावली. सरांनी दुकानापाशी खुर्ची मागून घेतली आणि अर्धा तास रस्त्याची रहदारी तपासली. मग काकूंना आठवले की वर कोणीतरी उभे आहे. विमा-एजंट जिन्याने वर जाऊ लागले, तेव्हा सर म्हणाले, "त्याला सांगा, तास संपला." चिटणीस लिफ्टने खाली आले. त्यांचा उजवा हात खांद्यापासून भरून आला होता. ते सरांपुढे उभे राहिले, पाटीकडे पाहिले, कोणती गोष्ट कशी घडली हे त्यांच्या लक्षात येत गेले, आणि सातवीत असताना ते जसे हसत तसे ओशाळे हसले. सर उठले आणि सरळ लिफ्टमध्ये जाऊन उभे राहिले.

"सर, आता लिफ्टने?"

"वर जायचंय," सर म्हणाले. "मी हट्टी आहे, खुळा नाही. दाब बटण."

नातीने रात्रभर आणि सकाळभर बसून त्या एकोणचाळीस मिनिटांची चार मिनिटे केली. सोमवारी दुपारी बाराला दहा मिनिटे असताना व्हिडिओ जमा झाला. परीक्षकांनी शेरा दिला, की गाणे संपल्यानंतरची ती एक पायरी नियमात बसत नाही, पण काढू नये. वर्ष वाचले. मामाच्या कचेरीतले टेबल अजून रिकामे आहे. आणि सर रोज सायंकाळी खाली येतात. येताना लिफ्टने पहिल्या मजल्यापर्यंत येतात, तिथून पुढच्या अठरा पायऱ्या आणि बाहेरची एक, अशा एकोणीस पायऱ्या स्वतःच्या पायांनी उतरतात. चप्पल आता दारापाशी असते.

ज्या मुलीने आजोबांची हाक ऐकली तिचे डोळे असेच उघडे राहोत. जिने बहात्तर लिहिले त्या मैत्रिणीला तिची चाल सापडत राहो. पाठमोरा उतरणाऱ्या मुलाचा पाय कधी न चुको. ज्या हाताने तासाहून अधिक वेळ दार धरले, त्या हाताचे दुखणे लवकर ओसरो आणि त्याने धरलेली लिफ्ट दीर्घकाळ चालो. आणि जगात जिथे जिथे वरच्या मजल्यावर कोणी आदराने बसवून ठेवलेले असेल, त्याला त्याची काठी, त्याची चप्पल आणि एक राखीव तास मिळो.